तीन नंबरचं घड्याळ

सदू वासावे चौतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरीला होता, आणि त्या चौतीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेलं एकही पोर प्रॅक्टिकलला नापास झालं नाही. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती, सदू स्वतःच सांगायचा. लग्नात पंगतीला बसला तरी सांगायचा, मयताला गेला तरी विषय तिथवर आणायचा. कागदावर त्याचा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर'. पोरांच्या तोंडी 'सदूकाका'. प्रोफेसर आले नि बदलून गेले, पण लॅबच्या कपाटाच्या किल्ल्या सदूच्याच कमरेला राहिल्या.

आता कोकणातली लॅब म्हणजे काय असते ते ज्यानं बघितलंय त्यालाच ठाऊक. खिडकीतून खारा वारा येतो आणि वर्षाच्या आत पितळेवर हिरवं नि लोखंडावर तांबडं चढतं. त्यामुळे प्रत्येक वस्तूला काहीतरी खोड. दोन नंबरच्या सोनोमीटरची तार अर्ध्या तासानं सैल पडायची. खिडकीकडचा स्पेक्ट्रोमीटर डावीकडून वाचला तरच खरं बोलायचा. ह्या सगळ्या खोडी सदूला तोंडपाठ. परीक्षेच्या दिवशी तो टेबलांमधून फडकं मारत फिरायचा आणि फडकं मारता मारता कानात सांगायचा, "दीड डिग्री कमी धर," नाहीतर "नऊशेऐंशीच्या आसपास आण, बाकी सर बघतात." पोरांना वाटायचं, काका देवमाणूस. काकांनाही तसंच वाटायचं.

वाडीतही त्याला मान होता. खाडीकाठच्या खारवीवाडीत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं काम सदूकडे. गळा खणखणीत. "बा महाराजा, तुझी लेकरं होड्या घेऊन दर्यात जातायत, त्यांना सांभाळ," असं तो सुरू करायचा आणि शेवटाला यायचा, "वर्षभरात कोणाच्या हातून काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे." मागून सगळी वाडी एका सुरात म्हणायची, "होय महाराजा!" अंगावर काटा यायचा लोकांच्या.

तर ह्या नारळी पौर्णिमेनंच घोळ केला. सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नारळ दिल्यावर खाडीत होड्यांची शर्यत असायची, आणि दरवर्षी कोण पहिला ह्यावरून मारामारीची पाळी. सदूला हुक्की आली. म्हणाला, ह्या वर्षी वेळ सेकंदात मोजू, मग बघू कोण बोंबलतो ते. आणि कॉलेजच्या कपाटातलं तीन नंबरचं स्टॉपवॉच त्यानं शनिवारी गुपचूप खिशात टाकून आणलं. चावीचं, जड, चांगलं घड्याळ होतं ते. गळ्यात दोरीनं अडकवून धक्क्यावर उभा राहिला तेव्हा सदू स्वतःला कलेक्टरच समजत होता. पहिली होडी आली, दोर ओढायला तो वाकला, गाठ सुटली आणि घड्याळ डुबुक्!

गुडघाभर पाण्यातून काढलं लगेच. गोड्या पाण्यानं धुतलं, पुसलं, बायको मालनच्या तांदळाच्या डब्यात आठ दिवस पुरून ठेवलं. नवव्या दिवशी चालू झालं. सदूनं देवाला साखर ठेवली. पण लॅबमध्ये पाच नंबरच्या घड्याळाशी ताडून बघितलं तर हे मेलं पन्नास सेकंदांत एक सेकंद मागे. दहादा बघितलं. दहाही वेळा पन्नासाला एक.

सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेब ओरडले असते, डेडस्टॉक रजिस्टरवर लाल शाईनं शेरा पडला असता, फार तर मेमो. पण कॉलेजची वस्तू होड्यांच्या शर्यतीला नेली हे कोणत्या तोंडानं सांगणार? सदूनं तोंडाला कुलूप लावलं आणि घड्याळ परत कपाटात. ज्या पोराच्या वाट्याला ते जाई त्याच्या कानात तो सांगायचा, "तीन नंबर ना? पन्नासाला एक मिळव." पोरं मिळवायची. चाललं होतं ठीक.

त्याच वर्षी लास्ट इयरला त्याचा मुलगा दीपक होता. आणि नेत्रा होती.

नेत्रा म्हणजे आवडाबाई पालशेतकरणीची पोर, सदूच्या घरापासून चौथं घर. आवडाबाई पाटी डोक्यावर घेऊन पालीच्या बाजारापर्यंत मासे विकायची, आणि पोर घरात कंदील असो की बल्ब, पुस्तकात नाक खुपसून. सगळ्या लॅबमध्ये ती एकटीच अशी होती की जी सदूचं ऐकायची नाही. सदू फडकं घेऊन जवळ आला की हात वर करायची. "काका, सांगू नका हं. येईल तसं येऊ दे." पहिल्यांदा सदूला कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा हसू आलं. पुढे पुढे राग यायला लागला. एवढं जग मदत मागतं माझ्याकडे, आणि ही कोण टिकोजीराव लागून गेली?

मार्चमध्ये परीक्षा. मुंबईच्या एका संशोधन संस्थेनं त्या वर्षी कळवलं होतं की प्रॅक्टिकलला पहिला येईल त्या एका विद्यार्थ्याला दोन महिने आपल्या प्रयोगशाळेत ठेवून घेऊ. नेत्रानं त्या पत्रकाचा कागद वहीत घडी करून ठेवला होता, सगळ्यांना माहीत होतं. दीपकला त्यातलं काही पडलं नव्हतं, पण दीपकच्या बापाला पडलं होतं.

मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. लंबकाचा प्रयोग दोघांना आला, दीपकला आणि नेत्राला. कपाटात त्या दिवशी चालती घड्याळं दोनच. एक कोल्हापूरला दुरुस्तीला गेलेलं, एकाची स्प्रिंग तुटलेली. उरली पाच नंबर आणि तीन नंबर. सदू दोन्ही हातांत दोन घड्याळं घेऊन कपाटापाशी उभा राहिला. किती वेळ? फार तर दहा श्वास. मग त्यानं पाच नंबर दीपकच्या टेबलावर ठेवलं आणि तीन नंबर नेत्राच्या.

"थँक्यू काका," ती म्हणाली.

तेव्हा तरी सांगावं ना माणसानं! पन्नासाला एक मिळव, एवढेच शब्द. त्यानं मनाची समजूत घातली, तिलाच नको असतं सांगितलेलं. बाहेरचे परीक्षकही समोरच उभे आहेत. आणि ती हुशार आहे, ती काढील मार्ग. माणसाला स्वतःला फसवायचं झालं की कारणं कशी बोलावल्यासारखी येतात.

नेत्रानं दोरा मोजला, पंचवीस झोके मोजले, गणित केलं, आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा आला एक हजार अठरा. यायला हवा नऊशेऐंशीच्या जवळ. तिनं खोडलं नाही. दोरा बदलला, पुन्हा मोजलं. एक हजार सतरा. तिसऱ्यांदा मोजलं, पुन्हा अठरा. तिनं सदूला खुणेनं बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, हे घड्याळ ठीक आहे ना?"

सगळ्या वर्षांत तिनं त्याला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"घड्याळाला काय धाड भरलीय?" सदू म्हणाला. "हात स्थिर ठेव जरा."

परीक्षक तिच्या वहीवर वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय गं, रत्नागिरीत पृथ्वी जास्त जोरात ओढते का?" वर्ग हसला. सदूही हसला. नेत्रा मान खाली घालून आकडा होता तसा लिहून गेली. शेजारी दीपकनं बापाच्या शिकवणुकीप्रमाणे नऊशेऐंशी बरोबर उतरवून ठेवलं होतं, मोजायच्या आधीच. संध्याकाळी गॅलरीत ती रडताना दिसली तेव्हा सदूनं तिला लिंबू सरबत करून दिलं. प्यायली बिचारी.

दीपक पहिला आला. मुंबईला गेला आणि नवव्या दिवशी परत आला. म्हणाला, तिथलं जेवण बरं नाही आणि दिवसभर एका अंधाऱ्या खोलीत बसवतात. आता वेळणेश्वराला त्याचं पर्यटकांसाठी चार खोल्यांचं घर आहे, छान चाललंय, त्याला त्या परीक्षेची आठवणही नसेल. नेत्रा पुढे पुण्याला गेली, मग परदेशी, मग बेंगळुरूला. फिजिक्समध्येच. पण प्रयोगाच्या खोलीत ती परत कधी गेली नाही. कागद आणि पेन्सिल घेऊन सिद्धांत मांडणाऱ्यांच्यात गेली. आवडाबाई विचारणाऱ्याला सांगायची, "तिच्या हातात यंत्र ठरत नाय ना. डोस्क्याचं काम करते." हे ऐकलं की सदू चप्पल शोधायला लागायचा.

तो निवृत्त झाला तेव्हा लॅबमध्ये नवी डिजिटल घड्याळं आली होती. जुनी निकालात काढताना त्यानं आठवण म्हणून तीन नंबरचं मागून घेतलं. सगळ्यांना वाटलं, काय जीव आहे म्हाताऱ्याचा लॅबवर. त्यानं ते ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या धोतराखाली टाकलं. ते बाहेर कुणाच्या हाती लागू नये, एवढाच जीव.

यंदाच्या विज्ञान दिनाला कॉलेजच्या संस्कृती मॅडमनी नेत्राचं भाषण ठरवलं. मॅडम तरुण, उत्साही. विषय ठेवला 'भौतिकशास्त्रात सध्या काय चाललंय'. आणि त्याच कार्यक्रमात निवृत्त सदूकाकांचा सत्कार. सुचवलं कुणी? नेत्रानंच. पत्रिका हातात पडली आणि सदूला दोन दिवस जेवण गेलं नाही. मालनला सांगितलं, पित्त झालंय.

हॉल भरला होता. आवडाबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं, केसात अबोली. सदू तिच्या शेजारीच, सत्कारमूर्ती म्हणून. नेत्रा बोलायला उभी राहिली आणि वाडीतली पोर बोलते तशीच बोलली, उगीच इंग्रजी नाही, मिरवणं नाही. म्हणाली, दहा वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरांच्या टकरीची थरथर माणसानं पहिल्यांदा मोजली. टक्कर झाली होती शंभर कोटीहून जास्त वर्षांपूर्वी, आणि ती इथे पोचली तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या यंत्रात फरक पडला तो अणूच्या गाभ्यातल्या कणापेक्षा हजारपटीनं लहान. तरी मोजला. मग म्हणाली, गेल्या वर्षीचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांनी दाखवलं होतं की भिंतीतून आरपार निघून जायची अणूंची जादू हातात मावेल एवढ्या वस्तूतही करून दाखवता येते. पोरं टाळ्या वाजवत होती. तीन वर्षांपूर्वी कोणी म्हणालं होतं की साध्या तापमानाला वीज विनाअडथळा वाहते असा दगड सापडला, तर साऱ्या जगानं आपापल्या लॅबमध्ये तो शिजवून बघितला, आणि काही आठवड्यांत कळलं, तसलं काही नाही.

"आणि घड्याळं!" ती म्हणाली. "आजची सगळ्यात चांगली घड्याळं अशी आहेत की विश्व जन्माला आलं तेव्हा लावली असती, तर आजपर्यंत एक सेकंदसुद्धा मागेपुढे झाली नसती. आता थोरियमच्या अणुगर्भाचं घड्याळ करायचं चाललंय, ते ह्यापेक्षाही चांगलं होईल अशी आशा आहे."

विश्वाच्या जन्मापासून एक सेकंद नाही. आणि सदूचं पन्नासाला एक.

तिनं स्वतःच्या कामाचंही सांगितलं. म्युऑन नावाचा एक कण असतो. तो मोजायला अमेरिकेत पन्नास फुटी लोहचुंबकाचं कडं तराफ्यावर घालून समुद्रानं, नदीनं नेलं. हे ऐकून मागच्या रांगेतले वाडीतले होड्या हाकणारे तांडेल सरसावून बसले, त्यांच्या ओळखीचं काहीतरी निघालं म्हणून. तर मोजणारे म्हणत होते आकडा अमुक, आणि आमच्यासारखे गणितवाले म्हणत होते तमुक. वर्षानुवर्षं जमेना. गेल्या वर्षी शेवटचं मोजमाप आलं, आणि मोजणाऱ्यांचा आकडा जागचा हलला नाही. "बदललं ते आमचं गणित," नेत्रा हसून म्हणाली. "म्हणून पोरांनो, मोजून आलेला आकडा आवडला नाही तरी खोडू नका."

मग ती त्या गोष्टीवर आली. दोन हजार अकरा साली युरोपातल्या काही शास्त्रज्ञांना दिसलं की न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशाहून आधी पोचतायत. साठ अब्जांश सेकंद आधी. खरं ठरलं असतं तर सगळी पुस्तकं बदलावी लागली असती. त्यांनी महिनोन्‌महिने स्वतःचंच यंत्र तपासलं. आणि सापडलं काय? एक केबल नीट घट्ट बसवली नव्हती. शिवाय आतलं एक घड्याळ जरा चुकीच्या गतीनं चालत होतं.

हॉल हसला.

"हसू नका," नेत्रा म्हणाली. "त्यांनी ते साऱ्या जगाला स्वतः सांगितलं. कुठली केबल ते सांगितलं, कुठलं घड्याळ ते सांगितलं. लाज वाटली असेलच की. तरी सांगितलं. त्यामुळेच आपण बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवतो."

सदूला वाटलं खुर्चीखालची जमीन उघडावी. त्यानं वर्षानुवर्षं देवापुढे काय म्हटलं होतं? चुकलंमाकलं पदरात घे. किती सोयीचा शब्द! त्यात सगळं बसतं आणि काहीच सांगावं लागत नाही. कुठली केबल, ते कधी सांगितलं होतं त्यानं?

"माझी केबल मात्र सापडली नाही," नेत्रा बोलत होती, थट्टेनं. "ह्याच लॅबमध्ये, लंबकाच्या प्रयोगात, माझं गुरुत्वाकर्षण आलं एक हजार अठरा. तीनदा. त्या दिवशी कळलं, आपले हात प्रयोगाचे नाहीत. ठरवलं, यंत्राला हात लावायचा नाही. म्हणून पेन्सिल धरली. पण त्या दिवशी एका माणसानं मला सरबत करून दिलं होतं, ते मी विसरलेली नाही." आणि तिनं सदूकडे हात केला.

टाळ्या, शाल, श्रीफळ. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा सदूनं पाय मागे ओढले, लोकांना वाटलं विनय. संस्कृती मॅडमनी माइक पुढे केला, "काका, दोन शब्द."

गाऱ्हाण्याला ज्याचा आवाज खाडीपल्याड जायचा त्या माणसानं माइक दोन्ही हातांनी धरला. समोर नेत्रा, आवडाबाई, दीडशे पोरं. सांगायची हीच वेळ होती. त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून सवयीनं आलं ते हे, "चौतीस वर्षांत कोणाचं काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घ्या." मागून कोणीतरी तांडेल लाडानं ओरडला, "होय महाराजा!" सगळा हॉल टाळ्या वाजवत उठला. सदू शालीत तोंड पुसत खाली बसला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती टाळ्यांमध्ये वाटावी ह्याची आणखी लाज.

घरी येऊन त्यानं मालनला सगळं सांगितलं. शर्यत, तांदळाचा डबा, दोन हातांतली दोन घड्याळं, सगळं. मालन भाकरी थापत होती, थांबली.

"म्हणजे आमच्या दीपकचा पयला नंबर तसा होता?"

"हं."

"आणि आज माइक हातात होता तेव्हा दातखीळ बसली काय तुमची? एरवी देवाचं डोकं उठवता." ती पुन्हा थापायला लागली, पण भाकरी मोडली. "ती उद्या दुपारच्या गाडीनं चाललीय. काय करायचं तां करा. मला तोंड नका दाखवू तोवर."

सकाळी सदू ट्रंकेतून घड्याळ काढून आवडाबाईच्या दारात उभा राहिला. आवडाबाई ओट्यावर लेकीला न्यायला सुकवलेल्या सोड्यांची पुडी बांधत होती. "या भावजी! काल काय बोललात! गो नेत्रा, सदूकाका आले. चाय टाक."

"चाय नको वैनी," सदू म्हणाला. बसलाही नाही. नेत्रा बाहेर आली. त्यानं रुमाल सोडून घड्याळ तिच्यापुढे धरलं. "हे ओळखलंस? तीन नंबर. तुझ्या मोबाईलशी ताडून बघ."

नेत्राला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी हौस. तिनं हसत हसत चावी दिली, दोन्ही एकदम सुरू केली, मोबाईलवर पन्नास झाले तशी थांबवली. घड्याळाचा काटा एकोणपन्नासावर. तिनं पुन्हा केलं. एकोणपन्नास. ती हसायची थांबली. ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणिलं-भागिलं, आणि म्हणाली, "एक हजार अठरा."

"व्हय."

"हे कधीपासून असं आहे?"

"त्या आदल्या नारळी पौर्णिमेपासून. मीच पाण्यात पाडलं."

"काका, म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

सदूनं सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. दोन घड्याळं हातात होती तेही सांगितलं, पाच नंबर कुणाला दिलं तेही, परीक्षक हसले तेव्हा आपण हसलो तेही. "तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. घड्याळाला काय झालेलं ते मला ठावकी होतं. तुझ्या हातांना काय झालेलं नव्हतं. पोरी, मी माफी मागायला नाय आलो. कुठली केबल ती सांगायला आलो."

आवडाबाईला सगळं कळलं नाही, पण दीपक आणि घड्याळ एवढं कळलं. पुडी बांधता बांधता तिचा हात थांबला. "भावजी," ती म्हणाली, "चार दिस जेवली नव्हती माझी पोर तेव्हा. मी तिला म्हटलं, तुझ्यातच खोट असंल."

नेत्रा ओरडली असती तर बरं झालं असतं, सदू तेवढीच तयारी करून आला होता. ती आत गेली, आणि बाहेर आली ती जाळ्याचा पातळ दोरा, जाळ्याला लावतात ते शिशाचं वजन आणि सुताराची टेप घेऊन. दाराच्या चौकटीला तिनं दोरा बांधला, शिसं अडकवलं, गुडघ्यावर बसून लांबी मोजली. दोनदा मोजली. सदू सवयीनं पुढे झाला. "मी झोके मोजतो, तू वेळ बघ."

"नको," नेत्रा म्हणाली. "तुम्ही मोजू नका. मी मोजते."

तो मागे सरला आणि भिंतीला टेकला.

शिसं दारात हलत राहिलं, उजेडातून सावलीत आणि परत. नेत्राचे ओठ हलत होते. पंचवीस झोके. मोबाईल थांबवला. सोड्यांच्या पुडीचा कागद ओढून त्यावर तिनं गणित केलं. पुन्हा झोका दिला, पुन्हा पंचवीस, पुन्हा गणित. तिच्या गाडीची वेळ होत आली होती, पण त्या घरात कुणीच तिला ते सांगितलं नाही. तिसऱ्यांदा केलं. मग पेन्सिल खाली ठेवली, आणि आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. बघता बघता तिचे डोळे भरून आले आणि टपटप वाहायला लागले.

आवडाबाई घाबरली. "काय गो? काय आलं?"

"नऊशे एकोणऐंशी."

"म्हणजे काय?"

"बरोबर आलं, आये."

"मग रडतंस कशाला?"

नेत्रानं कागदाची घडी घातली. सदूला उत्तर ठाऊक होतं, आणि तो खाली जमिनीकडे बघत उभा राहिला.